दिनविशेष : २८ सप्टेंबर
शंकर गुहा नियोगी स्मृतिदिन

१९९१ : छत्तीसगढचे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत पहाटे झोपेत असताना गोळ्या झाडून हत्या.

मूळचे बंगाली असलेले नियोगी तरुणपणी भिलाई पोलाद कारखान्यात कामाला होते. याच कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींतील कंत्राटी मजुरांना त्यांनी १९७७ मध्ये संघटित केले. त्याच वर्षी जूनमध्ये या मजुरांवर झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जणांचा बळी गेला. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी वर्गणी काढून, श्रमदान करून ‘शहीद हॉस्पिटल’ उभारले. ते ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. डॉ. बिनायक सेन आरंभीच्या काळात तेथे कार्यरत होते.

‘संघर्ष आणि निर्माण’ हे नियोगींचे सूत्र. समाजवाद दिल्लीतून येण्याची वाट न पाहता तो वस्तीतच घडवायचा, या निर्धाराने कामगारांनी शाळा काढल्या, दारूबंदीची मोहीम चालवली. मजुरांच्या लाल-हिरव्या झेंड्याखाली शेतकरीही आले. वस्तीपातळीवरचा असा समाजवाद याआधी व्हिएन्नातही दिसला होता; पण तेथे १९१९ नंतर सत्तेवर असलेल्या समाजवादी नगरपालिकेने कामगारांसाठी घरे व दवाखाने बांधले. राजहरात तर हाताशी सत्ता नसताना खाणमजुरांनी स्वतःचे रुग्णालय उभे केले.

हत्येच्या वेळी नियोगी भिलाईतील खासगी कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांसाठी लढत होते. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलक कामगारांवर गोळीबार होऊन अनेक जण ठार झाले. कंत्राटी कामगाराला न्याय्य वेतन आणि सन्मान मिळवून देण्याचे त्यांचे काम पुढे नेणे, हीच नियोगींना खरी आदरांजली.