म्हैसूरचा १९३९ चा प्रयोग आणि गाईच्या प्रजननक्षमतेतील आनुवंशिक घटक

प्रस्तावना

म्हैसूरमधील अग्रहार हा जुन्या शहराचा भाग राजवाड्यापासून फार दूर नाही. याच शहरातील पॅलेस डेअरी फार्मवर १९३९ मध्ये संपत कुमारन यांनी भारतातील पहिले कृत्रिम रेतन केले. हळ्ळीकार गाईंसाठी होल्स्टीन फ्रिजियन वळूचे वीर्य वापरले गेले आणि ३३ गाई गाभण राहिल्या. पुढे १९४२ मध्ये इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत हे काम पद्धतशीरपणे सुरू झाले.

या घटनेकडे आपण सहसा तंत्रज्ञानाचा विजय म्हणून पाहतो. या पाठात वेगळा प्रश्न घेऊ: गाय गाभण राहणे किंवा न राहणे यात जातीचा आणि जनुकांचा वाटा किती, आणि कृत्रिम रेतनामुळे त्यात काय बदलले?

१. निवड कशासाठी झाली?

म्हैसूरच्या वाडियार राजांनी सतराव्या शतकात गाईंचे कळप राखले. हैदर अलीने ते वाढवले आणि टिपू सुलतानाने त्या खात्याला ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. हे बैल तोफा आणि रसद ओढत. १७९९ नंतर कळप इंग्रजांकडे गेले. खर्च वाचवण्यासाठी त्यांनी १८६० मध्ये ते मोडले, पण लष्कराला चांगले बैल मिळेनात म्हणून काही वर्षांतच पुन्हा उभे केले.

अमृतमहाल, हळ्ळीकार आणि महाराष्ट्रातील खिल्लार या एकाच गटातील जाती. तिघींची निवड वेग, काटकपणा आणि ओढकाम यांसाठी झाली. त्यामुळे उन्हात आणि कमी चाऱ्यावर त्या तग धरतात, पण उशिरा वयात येतात. होल्स्टीन गाय चांगल्या व्यवस्थापनात साधारण दोन वर्षांत पहिल्यांदा विते, तर आपल्या ओढकामाच्या जातींना बहुधा तीन ते चार वर्षे लागतात. याउलट होल्स्टीनची निवड दुधासाठी झाली. दूध वाढत गेले तसा तिचा माज ओळखणे आणि ती गाभण राहणे अवघड होत गेले.

२. कमी आनुवंशिकता म्हणजे काय?

दूध उत्पादनाची आनुवंशिकता साधारण २५ ते ३५ टक्के असते. गाईच्या प्रजननक्षमतेची बहुधा १० टक्क्यांहूनही कमी. चारा, हवामान, आजार, माज वेळेवर ओळखणे यांचा प्रभाव इतका मोठा असतो की जनुकांचा वाटा झाकला जातो. म्हणून पैदासकारांनी हा गुण हिशेबातून वगळला. ही चूक होती. आनुवंशिकता कमी असली तरी वेगवेगळ्या वळूंच्या मुलींमध्ये फरक असतो, फक्त तो दिसायला एका वळूच्या पुष्कळ मुलींच्या नोंदी लागतात. स्वीडन आणि नॉर्वे यांनी अशा नोंदी ठेवून १९७० च्या दशकातच मुलींची प्रजननक्षमता वळूच्या मूल्यमापनात धरली.

३. निरोगी दिसणारा वळू: स्वीडन, १९६४

गाईला ६० गुणसूत्रे असतात. १९६४ मध्ये इंगेमार गुस्तावसन आणि रॉकबोर्न यांना स्वीडनच्या लाल-पांढऱ्या जातीत ५९ गुणसूत्रांची जनावरे आढळली. पहिले आणि एकोणतिसावे गुणसूत्र एकमेकांना जोडले गेले होते. जनावर दिसायला निरोगी, वीर्यही चांगले. पण अशा जनावराच्या काही बीजपेशींत गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि त्यातून झालेला गर्भ लवकर मरतो. शेतकऱ्याला एवढेच दिसते की गाय उलटली. पुन्हा २१ दिवस थांबा, पुन्हा रेतन करा. गुस्तावसन यांनी पुढे या दोषाचा आणि घटलेल्या प्रजननक्षमतेचा संबंध दाखवला आणि स्वीडनने असे वळू वगळायला सुरुवात केली.

४. एका वळूची किंमत

नैसर्गिक पद्धतीत वळूची संतती आसपासच्या गावांपुरती राहते. १९४९ मध्ये ग्लिसरीनमुळे वीर्य गोठवून टिकवता येते हे समजले आणि ही मर्यादा संपली. १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म अर्लिंडा चीफ’ या अमेरिकी होल्स्टीन वळूला १६,००० हून अधिक मुली झाल्या. त्याच्यामुळे जातीचे दूध वाढले. पण त्याच्याकडे एका जनुकाची बिघडलेली प्रत होती. वाहक वळू आणि वाहक गाय यांचा संयोग झाला तर सरासरी चारपैकी एका गर्भाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात आणि तो जन्मापर्यंत पोहोचत नाही. हा दोष २०११ मध्ये जनुकीय नोंदींतून उघड झाला. त्यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असा संशोधकांचा अंदाज आहे. जवळपास अर्धे शतक हे नुकसान कुणाच्या लक्षात आले नाही, कारण न जन्मलेल्या वासराची नोंद होत नाही.

५. संकर आणि भारत

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली आणि संकरित पैदास शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली. पहिल्या पिढीतील संकरित गाय देशी गाईपेक्षा लवकर वयात येते व अधिक दूध देते. मात्र संकरितांचा आपसात संयोग केला की पुढच्या पिढीत संकरजोमाचा लाभ निम्म्यावर येतो. संकरित वळूंमध्ये तर वीर्याची प्रत खालावल्याने बरेच वळू बाद करावे लागतात.

समारोप

अभियांत्रिकीत आपण एकच गुण वाढवत नेला तर ताण दुसरीकडे जातो. गोपैदासीतही तेच झाले. म्हैसूरच्या प्रयोगाने एका वळूचे गुण हजारो गोठ्यांत पोहोचवण्याचा मार्ग खुला केला, आणि त्याच मार्गाने दोषही जाऊ शकतात. म्हणून वीर्यकांडी निवडताना आईच्या दुधाचा आकडा पुरेसा नाही. वळूची गुणसूत्र तपासणी, वाहक दोष आणि मुलींच्या गर्भधारणेच्या नोंदी पाहायला हव्यात. चुकीच्या निवडीचा भुर्दंड शेवटी दोन-तीन गाई पाळणाऱ्याच्या घरावर पडतो.

स्वाध्याय

१. आनुवंशिकता कमी असलेला गुण निवडीतून वगळणे चूक का ठरते?
२. वाहक वळू व वाहक गाय यांच्या संयोगात किती गर्भ निरोगी पण वाहक असतील?
३. आपल्या परिसरातील एका देशी जातीची निवड कोणत्या कामासाठी झाली, ते लिहा.