मांडवीचे डॉक्टर, मांडवीचे प्रतिनिधी

काळबादेवीच्या गजबजाटातून बाहेर पडून आपण कावेलच्या आरोग्यमातेच्या मंदिराकडे वळतो, त्या रस्त्याला डॉ. व्हिएगस यांचे नाव आहे. धोबीतलावावर, मेट्रो चित्रपटगृहाजवळ, त्यांचा पुतळाही उभा आहे. आपल्यापैकी अनेक जण या वाटेने शेकडो वेळा गेले असतील. परंतु हे गृहस्थ कोण आणि मुंबईने त्यांचा पुतळा का उभारला, हे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होऊ. वांद्र्याच्या आणि मुंबईतील अन्य गावठाणांच्या नाक्यांवर प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आहेत. त्यांच्यापुढे आपण आजही मेणबत्त्या लावतो. पण ज्या संकटातून ते क्रूस उभे राहिले, त्या संकटाचे नाव प्रथम ज्याने उच्चारले, त्या आपल्याच धर्मबांधवाचा मात्र आपल्याला विसर पडला आहे.

अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यात, हडफडे या गावी झाला. शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि १८८० साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी मांडवी भागात दवाखाना थाटला. १८८८ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले. मांडवी म्हणजे बंदराचा शेजार. धान्याच्या वखारी, त्यांना लागून दाटीवाटीच्या चाळी आणि या दोहोंमधून वाहणारी गटारे, असा तो भाग होता. वस्ती प्रामुख्याने वाणी, भाटिया, जैन आणि मुसलमान समाजांची. ख्रिस्ती जन अगदी थोडे. तेव्हा डॉ. व्हिएगस केवळ स्वधर्मीयांच्या बळावर निवडून आले नव्हते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांच्याकडे असे रुग्ण येऊ लागले, की ज्यांना तीव्र ताप भरे, जांघेत वा काखेत गाठ येई आणि दोन-तीन दिवसांत अंत होई. आपल्या पूर्वजांनी ज्याला पुढे ‘गाठीचा ताप’ म्हटले, तोच हा प्लेग, असे निदान डॉ. व्हिएगस यांनी केले आणि ते महापालिकेपुढे स्पष्ट शब्दांत मांडले.

हे शब्द उच्चारणे सोपे नव्हते. मांडवीचे पोट बंदरावर भरत होते. प्लेगचे नाव निघताच परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडविणार, व्यापार मंदावणार, वखारींना टाळे लागणार, हे उघड होते. ज्यांनी निवडून दिले त्यांच्याच उत्पन्नावर घाव घालणारे सत्य सभागृहात सांगावयाचे, की काही दिवस मौन पाळावयाचे? डॉ. व्हिएगस यांनी सत्य सांगितले. तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत त्यांचे निदान खरे ठरले.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. १८८८ च्या कायद्यानुसार महापालिकेच्या ७२ सभासदांपैकी केवळ ३६ सभासद प्रभागांतील करदात्यांनी निवडून दिलेले असत. चाळीच्या एका खोलीत राहणाऱ्या हमालाला मत नव्हते. प्लेगने मात्र आधी त्यालाच गाठले. अशा मताविना राहणाऱ्या माणसांच्या खोल्यांत शिरून डॉ. व्हिएगस रुग्ण तपासत राहिले, वस्तीची साफसफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठी आग्रह धरीत राहिले. उंदरांवरील पिसवांमधून रोग पसरतो हा सिद्धान्त सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ साली मांडला. त्याआधीचे हे दिवस होते.

सरकारी उपायांची कथा निराळी आहे. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचे अधिकार वापरले जाऊ लागताच लोक भयभीत झाले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला. पुण्यात रँडच्या अंमलाची परिणती २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाली. त्याच पुण्यात, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला होता.

दरम्यान वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांचा सुईवर विश्वास नव्हता. सक्तीने तो निर्माण होणारही नव्हता. ओळखीच्या डॉक्टरने दारी येऊन समजाविले, तर मात्र माणसे हात पुढे करतात. डॉ. व्हिएगस यांनी स्वतः सुमारे १८ हजार लोकांना लस टोचली, असे त्यांच्याविषयीच्या नोंदी सांगतात.

आम्ही येथे कोणाला अलौकिक ठरवू इच्छीत नाही. एका डॉक्टरने साथ थांबविली नाही. १८९१ साली ८ लाख २१ हजारांच्या घरात असलेली मुंबईची वस्ती १९०१ च्या जनगणनेत ७ लाख ७६ हजारांवर आली आणि पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने दगावली. तरीही १९०६ साली मुंबईने डॉ. व्हिएगस यांना महापालिकेचे अध्यक्ष केले. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती होत. १९३३ साली त्यांचे निधन झाले.

२०२० साली करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला, तेव्हा आम्हांस डॉ. व्हिएगस यांची प्रकर्षाने आठवण झाली. अल्पसंख्य समाजाचा प्रतिनिधी म्हणजे आपल्या समाजाची गाऱ्हाणी सरकारदरबारी नेणारा मनुष्य, अशी समजूत आपल्यात रूढ आहे. हडफड्याच्या या डॉक्टरने ती समजूत फार पूर्वीच खोटी ठरविली. ज्यांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी आणि ज्यांच्यापैकी बहुतेकांजवळ मतही नव्हते, अशांचे प्रतिनिधित्व त्यांनी केले. कावेलला यापुढे जाणे झाले, तर आरोग्यमातेपुढे गुडघे टेकताना त्यांच्या आत्म्यासाठीही आपण एक प्रार्थना म्हणावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.