जोडीदाराचा रकाना

समलिंगी लग्नाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट संस्कृतीवर जाते. मला मात्र या इतिहासातले कागद जास्त बोलके वाटतात. अमेरिकेतले गाजलेले खटले बघा, प्रत्येकाच्या मुळाशी एखादा रुक्ष सरकारी कागद सापडतो.

पहिला कागद कराचा. एडी विंडसर न्यूयॉर्कची, आयबीएममध्ये प्रोग्रॅमर. थिआ स्पायर मानसशास्त्रज्ञ. १९६७ मध्ये दोघींनी साखरपुडा केला, पण अंगठीऐवजी हिऱ्यांचा ब्रोच घेतला. अंगठी दिसली की ऑफिसात "कोण गं तो?" हे आलंच! लग्न व्हायला पुढे चाळीस वर्षं लागली, आणि तेही २००७ साली कॅनडात, टोरांटोला. २००९ मध्ये थिआ गेली. न्यूयॉर्क राज्य हे लग्न मानत होतं, पण १९९६ च्या एका कायद्यामुळे केंद्र सरकारच्या लेखी एडी कोणीच नव्हती. वारसा कर आला ३,६३,०५३ डॉलर. थिआच्या जागी नवरा असता तर शून्य. २६ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी त्या कायद्यातलं हे कलम रद्द केलं.

हा निकाल ओहायोत जॉन आर्थर अंथरुणात पडून ऐकत होता. त्याला एएलएस झालेला, शरीर एकेक करून साथ सोडत चाललेलं. जिम ओबर्गफेल वीसहून जास्त वर्षं त्याच्याबरोबर. ओहायोत लग्न शक्य नव्हतं, म्हणून जुलैमध्ये रुग्णांसाठीचं छोटं विमान ठरवून दोघं बाल्टिमोरला गेले. लग्न लागलं ते विमानतळावर उभ्या विमानातच. लावलं जॉनच्या आंटनं, त्यासाठीचा अधिकार तिनं आधीच मिळवून ठेवला होता. (इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एकाच शब्दात. असो.) चार पावलं न उतरता नवरा-नवरा परत घरी.

मग एका वकिलानं त्यांना मृत्यूच्या दाखल्याचा कोरा नमुना दाखवला. जॉन गेल्यावर त्यावर ‘अविवाहित’ लिहिलं जाणार आणि हयात जोडीदाराचा रकाना रिकामा राहणार. जिवंत माणसानं स्वतःचा मृत्यूचा दाखला हातात धरून कोर्टात जायचं... विचार करवत नाही. कोर्टानं आदेश दिला, ऑक्टोबरमध्ये जॉन गेला तेव्हा दाखल्यावर जिमचं नाव लागलं. राज्य सरकार मात्र अपिलात गेलं आणि २०१४ मध्ये वरच्या कोर्टात जिंकलंसुद्धा.

मला स्वतःला त्याहून अस्वस्थ करतो तो मिशिगनचा खटला. एप्रिल डिबोअर आणि जेन राऊझ दोघी नर्स. एकाच घरात वाढणारी तीन मुलं, पण दत्तकविधानाच्या कागदावर दोन एकीची, एक दुसरीचं. कारण तिथे दत्तक एकट्यानं घ्यायचं, नाहीतर लग्न झालेल्या जोडप्यानं. एकदा गाडीचा अपघात थोडक्यात टळला आणि दोघींना घाम फुटला. आपल्यातली एक गेली तर तिच्या मुलांवर दुसरीचा हक्क काय? त्या फक्त दत्तकासाठी कोर्टात गेल्या होत्या. न्यायाधीशांनीच सुचवलं, अडचण लग्नबंदीची आहे, तिलाच आव्हान द्या.

हे सगळे खटले एकत्र होऊन २६ जून २०१५ ला निकाल लागला, पुन्हा ५ विरुद्ध ४. पन्नासही राज्यांत लग्न कायदेशीर झालं.

आपल्या सुप्रीम कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२३ ला असं लग्न मान्य करायला नकार दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड दत्तकाच्या मुद्द्यावर अल्पमतात राहिले, तेव्हा जोडप्यानं मिळून मूल दत्तक घेण्याची वाटही बंदच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात, २०२४ मध्ये, केंद्र सरकारनं एवढं स्पष्ट केलं की अशा जोडप्याला बँकेत जॉइंट खातं काढता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल, आणि रेशनकार्डासाठी दोघं एकाच घरातले धरावेत.

रेशनकार्डावर एक घर, आणि त्याच घरातलं मूल दत्तक असेल तर ते कागदोपत्री दोघांपैकी एकाचंच.