एक दिवस, दोन कायदे, दोन दप्तरे

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, सुरू झाली. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट हा दुसरा कायदाही अमलात आला. तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही. आजाऱ्याचे उपचार एनएचएसकडे, विनामूल्य. वृद्ध, अपंग व निराधारांची देखभाल स्थानिक परिषदांकडे, ऐपत पाहून पैसे घेऊन. माणूस एकच, दप्तरे मात्र दोन.

कुटुंबवैद्याकडे ‘लॉइड जॉर्ज पाकीट’ असे. १९११ च्या विमा कायद्याच्या जनकाचे नाव मिरवणारे हे जाड कागदी पाकीट रुग्णाने डॉक्टर बदलला की त्याच्यामागोमाग जाई. परिषदेच्या समाजसेवकाच्या टेबलावर ते येत नसे.

पुढे संगणक आले आणि चिंता उलटी झाली: माहिती फारच सहज फिरू लागली. मनोविकारतज्ज्ञ फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीने रुग्णांची ओळख उघड करणारी माहिती एका संस्थेतून दुसरीकडे जाण्याचे ८६ मार्ग तपासले आणि १९९७ मध्ये सहा तत्त्वे घालून दिली. सार एवढेच: गरजेपुरतीच माहिती, गरज असलेल्यालाच. प्रत्येक संस्थेत या माहितीचा एक जबाबदार ‘रक्षक’ नेमण्याची प्रथा तेव्हापासूनची.

दोनच वर्षांनी, जुलै १९९९ मध्ये, व्हिक्टोरिया क्लिंबिए ही सात वर्षांची मुलगी लंडनच्या एका रुग्णालयात आली. एका डॉक्टरला छळाचा संशय आला. वरिष्ठांनी खरूज असे निदान केले, आणि तिला मिळालेले संरक्षण उठले. दहा दिवसांनी ती दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाली, भाजलेल्या चेहऱ्याने. फेब्रुवारी २००० मध्ये तिचा मृत्यू झाला. तिला सांभाळणारी आजेमावशी आणि त्या बाईचा साथीदार खुनाचे दोषी ठरले. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालानुसार तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी हुकल्या होत्या. डॉक्टर, पोलीस, परिषदा, प्रत्येकाकडे सत्याचा एकेक तुकडा होता. तो जोडण्याचे काम कोणाचेच नव्हते.

यावर सरकारने शोधलेला उपाय अवाढव्य होता. इंग्लंडमधील सर्व मुलांची सूची असलेला ‘कॉन्टॅक्टपॉइंट’ हा संगणकीय कोश २००९ मध्ये वापरात आला. एका मुलीसाठी लाखो निर्धास्त घरांची नोंद का, हा आक्षेप वावगा नव्हता. सत्तांतर झाले आणि २०१० मध्ये तो बंद पडला.

२०१३ मध्ये कॅल्डिकॉट यांनी आपल्याच सहा तत्त्वांना सातवे जोडले: माहिती जपण्याइतकेच ती योग्य वेळी देणेही महत्त्वाचे कर्तव्य असू शकते. नियम मोडण्याच्या धास्तीने कर्मचारी गप्प राहत, हे त्यांना दिसले होते. स्वतःची चौकट स्वतःच दुरुस्त करण्याचे धैर्य सरकारी समित्यांत क्वचितच दिसते.

२०१५ च्या कायद्याने थेट उपचार व देखभालीसाठी माहिती देणे इंग्लंडमध्ये बंधनकारक केले. संबंधित व्यक्तीची हरकत असल्यास अपवाद ठेवला. रुग्णालय आणि समाजसेवा खाते, दोघांच्या दप्तरांत त्या माणसाचा एकच एनएचएस क्रमांक लिहिण्याची सक्तीही याच कायद्याने, १९४८ नंतर ६७ वर्षांनी, झाली.