हुतूतूचा दम आणि दूरचित्रवाणीचें घड्याळ

हुतूतूच्या मैदानावर चढाईपुरतें घड्याळ असे, पण तें चढाई करणाऱ्या गड्याच्या छातींत. एका श्वासांत 'हुतूतू' किंवा 'कबड्डी' घुमवीत प्रतिपक्षाच्या अंगणांत शिरावयाचें, एखाद्यास शिवावयाचें आणि दम सुटण्यापूर्वीं मध्यरेषा गांठावयाची, हा या खेळाचा गाभा. दम सुटला कीं गडी बाद. कोणाचा दम किती टिकेल हें कोणासहि आधीं सांगतां येत नसे, आणि मैदानाभोंवतीं उभ्या असलेल्या मंडळींचे कान त्या घुमण्याकडे लागलेले असत.

संजीवनी, गनिमी आणि अमर अशा निरनिराळ्या तऱ्हांनीं हा खेळ खेळला जाई. १९३६ मध्यें बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले असतां अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें तो परदेशी प्रेक्षकांना करून दाखविला. मुंबईंत लालबाग-परळच्या कामगार वस्तींतील मंडळांनीं त्यास पोसलें. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनीं आपलें आयुष्य त्याच्या संघटनेंत वेंचलें. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रांत कबड्डीदिन म्हणून पाळला जातो. इतकें असूनहि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत या खेळाला कोणी पाट मांडला नव्हता. तेथें रेडिओवरून क्रिकेटचें धावतें वर्णन ऐकूं येई.

१९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांच्या निमित्तानें आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली. त्या सामन्यांत कबड्डी होती, पण केवळ प्रदर्शनापुरती. पुढल्याच वर्षीं, २५ जून १९८३ रोजीं, लॉर्ड्सच्या मैदानावर भारतानें वेस्ट इंडीजचा ४३ धावांनीं पराभव करून विश्वचषक जिंकला; आणि ज्यांच्या घरीं हें यंत्र नुकतें आलें होतें, त्यांचें मन क्रिकेटनें जें काबीज केलें, तें पुढें कित्येक वर्षें सोडलें नाहीं. १९९० मध्यें बीजिंग येथें कबड्डी आशियाई सामन्यांत रीतसर दाखल झाली व भारतास सुवर्णपदक मिळालें. पुढेंहि तें मिळत गेलें; मात्र त्यासाठीं घरोघरीं कोणी पडद्यासमोर बसत नसे.

२६ जुलै २०१४ रोजीं मुंबईंत प्रो कबड्डी लीगला आरंभ झाला. संघ आठ. मातीऐवजीं मॅट, डोळे दिपविणारा प्रकाश, आणि प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मुदत. दोन चढाया रिकाम्या गेल्या कीं तिसरींत गुण मिळविलाच पाहिजे, नाहींतर गडी बाद. प्रक्षेपकांच्या गणतीप्रमाणें पहिल्याच हंगामांत प्रेक्षकांचा आंकडा ४३ कोटींवर गेला. घाटावरचा खेळाडू वाड्यांतल्या आजीबाईंना नांवानिशीं ठाऊक झाला, ही गोष्ट लहान नव्हे!

या बदलांना नाकें मुरडणारे जुने खेळाडू आहेत. पण त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. पूर्वीं आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून खुशाल वेळ काढीत असे आणि प्रेक्षक जांभया देत. तो रोग नव्या नियमांनीं बरा केला. उलट, दम आजहि नियमांत असला तरी तो ऐकूं येत नाहीं. वाद्यांच्या व निवेदकांच्या गजरांत बुडून जातो. जें कानांनीं पाहावयाचें होतें, तें आतां डोळ्यांनीं मोजलें जातें.

पैशाविषयीं काय सांगावें? २०१४ च्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेश कुमार यांना, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्यें पवन सेहरावत यांना २ कोटी ६० लाखांहून अधिक. मधल्या काळांत, २०१८ सालीं जकार्ता येथें, इराणनें भारताच्या पुरुषांना उपांत्य सामन्यांत आणि महिलांना अंतिम सामन्यांत हरविलें.

महिलांची कथा निराळीच. २०१६ मध्यें लीगसोबत तीन महिला संघांची स्पर्धा दाखविण्यांत आली. पुढल्या वर्षीं ती झाली नाहीं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हांगझोऊ येथें भारताच्या महिलांनीं चायनीज तैपेईचा २६-२५ असा, अवघ्या एका गुणानें, पराभव करून सुवर्णपदक परत आणलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लीगचा दहावा हंगाम सुरू झाला, तेव्हां त्यांत बारा संघ होते, आणि ते सगळे पुरुषांचे.