तटकर

३. तटकर : तेराव्या शतकापासून इंग्लंडचे राजे शहरांना तटबंदीसाठी ठरावीक मुदतीपुरती जकात बसवण्याची सनद देत, रस्त्यांच्या फरसबंदीसाठीही अशीच सनद मिळे. धान्य, मीठ, लोकर, कातडी, मद्य असे जिन्नसवार दर तीत नोंदलेले असत. भार पडे तो विक्रीला माल आणणाऱ्यांवर. हल शहराचा विटांचा तट १३२१ नंतर याच पैशातून उभा राहू लागला. वसुलीत अतिरेक इतका होई, की १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यात ठरल्याहून अधिक जकात घेणाऱ्या शहराची सनद कायमची काढून घेण्याची तरतूद करावी लागली. प्रस्तुत प्रकरणात लेखकाने व्यापाऱ्यांच्या तक्रारीला नुसती कुरकुर म्हटले आहे. ते आम्हांला अन्यायाचे वाटते.
— संपा.