तीन समुद्रांपलीकडचा वाटसरू

हिंदुस्थानचा मध्ययुगीन इतिहास लिहिताना परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांचा आधार घेतल्यावाचून अभ्यासकाला पुढे जाता येत नाही. ह्युएनत्संगाने हर्षाच्या राज्याचे चित्र रेखाटले, इब्न बतूताने तुघलकांच्या दिल्लीचे दर्शन घडविले, आणि अब्दुर रझाकाने १४४३ मध्ये पाहिलेल्या विजयनगराचे वैभव वर्णिले. या साक्षी अमोल आहेत. तथापि, त्या देणाऱ्यांच्या पाठीशी कोणते ना कोणते बळ होते, हे विसरता येत नाही. ह्युएनत्संग हा सम्राटाचा सन्मान्य अतिथी झाला, इब्न बतूता दिल्लीच्या सुलतानाचा काझी होता, आणि अब्दुर रझाक शाहरुखाचा वकील म्हणून आला होता. राजदरबाराचे दार ज्याच्यासाठी उघडते, त्याला देश त्या दारातूनच दिसू लागतो.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेत असा एक प्रवासी येऊन गेला की, ज्याला यांपैकी कशाचाच आधार नव्हता. त्याचे नाव अफनासी निकितिन. रशियातील व्होल्गा नदीच्या काठी असलेल्या त्वेर या नगरीचा तो व्यापारी. तो ना कोणाचा वकील होता, ना धर्मप्रचारक, ना पंडित. मार्को पोलो, निकोलो कोंती हे युरोपीय त्याच्या आधी हिंदुस्थानात येऊन गेले होते. तेव्हा पहिला युरोपीय प्रवासी हा मान त्याला देता येणार नाही. परंतु हिंदुस्थान स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याबद्दल रशियन भाषेत लिहिलेले पहिले वर्णन त्याचेच होय. आणि वास्को द गामाची तोफांनी सज्ज जहाजे १४९८ मध्ये कालिकतला लागली, त्याच्या सुमारे पाव शतक आधी ते लिहिले गेले.

निकितिन निघाला तो हिंदुस्थानचा शोध घेण्यासाठी नव्हे. त्याला जायचे होते कास्पियन समुद्राच्या पश्चिमेस असलेल्या शिरवानच्या राज्यात. त्याच्या प्रस्थानाचे वर्ष जुने अभ्यासक १४६६ मानीत. अलीकडच्या संशोधनाचा कौल १४६८ कडे आहे. शिरवानचा एक वकील मॉस्कोहून परत जात होता. त्याच्या सोबतीने हे व्यापारी व्होल्गामार्गे निघाले. आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांच्यावर हल्ला केला. निकितिन वकिलाच्या नावेत होता म्हणून वाचला. पण त्याचा माल दुसऱ्या नावेत होता, तो सगळा लुटला गेला. मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. पुढे समुद्रात वादळ झाले, एक नाव किनाऱ्यावर आपटली आणि तिच्यातील माणसे कैद झाली. ती माणसे सुटली. पण मायदेशी परतण्यापुरते तरी साहाय्य करावे अशी त्यांनी शिरवानच्या राजाला विनंती केली, ती मात्र नाकारण्यात आली. मग ही मंडळी रडत रडत पांगली. ज्यांचे घरी काही शिल्लक होते ते परत फिरले. जे कर्जात बुडालेले होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन या दुसऱ्या गटातला असावा, असे त्याच्या वर्तनावरून दिसते. दरबंद, बाकू आणि तेथून कास्पियन ओलांडून तो इराणात उतरला. माझांदरानपासून काशान, यझ्द, लार अशी मजल दरमजल करीत, ठिकठिकाणी महिनोन् महिने मुक्काम करीत, तो होर्मुझच्या बंदरात पोहोचला.

होर्मुझला त्या काळी घोड्यांचा मोठा व्यापार चाले. दख्खनच्या हवेत उत्तम घोड्यांची पैदास होत नसे आणि बहामनी व विजयनगर या दोन्ही राज्यांना घोडदळावाचून चालत नसे. त्यामुळे अरबस्तान व इराणातून येणाऱ्या घोड्यांना इकडे भारी किंमत येई. निकितिननेही एक घोडा सोबत घेतला. या घोड्यापायी आपले शंभर रुबल खर्च झाले, असे तो नमूद करतो. त्याची सारी आशा या एका जनावरावर होती. समुद्रात सहा आठवडे काढून, गुजरातचा किनारा उजाडून, तो कोकणातील चौल बंदरात उतरला.

चौलला त्याला पहिले नवल वाटले ते माणसांचे. लोक उघड्या अंगाने व उघड्या डोक्याने हिंडतात, केसांची एकच वेणी घालतात, हे त्याने टिपले. आणि लगेच हेही टिपले की, आपण जाऊ तेथे लोकांचा घोळका मागे येतो आणि या पांढऱ्या माणसाकडे आश्चर्याने पाहत राहतो. पाहणारा स्वतःच पाहण्याचा विषय होतो, ही जाणीव ज्या प्रवाशामागे शिबंदी चालते त्याला क्वचितच होते. चौलहून पाली, उमरी या मार्गाने सह्याद्री चढून चोवीस दिवसांनी तो जुन्नरला आला. तेथे पावसाळ्याने त्याला दोन महिने अडकवून ठेवले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत होणारी नांगरणी व पेरणी, हे हिमप्रदेशातील माणसाला विलक्षण वाटले. घोड्यांना हरभरे चारतात, साखर व तूप घालून खिचडी शिजवून खाऊ घालतात, असेही तो लिहितो. खिचडी हा शब्द त्याच्या रशियन मजकुरात जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे. जुन्नरचा खान ज्या दुर्गावर राहतो तो खडक मनुष्याने बांधलेला नसून देवाने घडविलेला आहे, आणि त्याची वाट इतकी अरुंद की दोन माणसे बरोबरीने चढू शकत नाहीत, असे त्याचे वर्णन आहे. हा दुर्ग शिवनेरी असावा असे मानतात. शिवाजीमहाराजांचा जन्म तेथे १६३० मध्ये झाला. त्याआधी दीड शतकाहून अधिक काळ एका रशियन व्यापाऱ्याने त्या कड्याकडे मान वर करून पाहिले होते.

याच जुन्नरात त्याच्या कसोटीची घडी आली. तेथील अधिकारी असद खान याने त्याचा घोडा हिरावून घेतला. हा मनुष्य मुसलमान नसून रशियन आहे, हे कळताच खानाने सांगितले की, धर्म बदललास तर घोडाही परत देईन आणि वर हजार मोहरा देईन. न बदललास तर घोडाही जाईल आणि तुझ्या सुटकेसाठी तुलाच हजार मोहरा भराव्या लागतील. विचारासाठी चार दिवसांची मुदत मिळाली. ओळखीचा मनुष्य नाही, मातृभाषा जाणणारा नाही, परत जायला पैसा नाही, अशा अवस्थेतले ते चार दिवस होते. मुदत संपत आली असता खोजा महंमद नावाचा एक खोरासानी गृहस्थ तेथे आला. निकितिनने त्याच्याकडे गाऱ्हाणे घातले. त्याने खानाकडे रदबदली करून धर्मांतराचा आग्रह सोडवला आणि घोडाही परत मिळवून दिला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याने छळले तो मुसलमान होता, आणि ज्याने सोडविले तोही मुसलमानच होता. निकितिनने दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या. पुढे मात्र तो उद्वेगाने म्हणतो की, ज्या ख्रिस्ती बांधवांना हिंदुस्थानात यायचे असेल त्यांनी आपला धर्म रशियातच ठेवून यावे.

जुन्नरहून तो बहामनी राज्याची राजधानी बीदर येथे गेला. त्या वेळी गादीवर तरुण सुलतान तिसरा महंमदशाह होता आणि कारभार वजीर महमूद गावान याच्या हाती होता. गावान हाही मूळचा परदेशी, कास्पियनकाठच्या गीलानचा. निकितिन त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’ या पदवीने ओळखतो. सुलतानाच्या स्वारीतील हत्ती, सोन्याचे साज, वाजंत्री, यांचे वर्णन त्याने तपशीलवार केले आहे आणि सैन्याचे आकडे तर फुगवूनच दिले आहेत. परंतु त्याच वर्णनाशेजारी तो लिहितो की, देश माणसांनी गजबजलेला आहे, खेड्यांतले लोक अगदी उघडेवाघडे आहेत आणि सरदार मात्र अत्यंत श्रीमंत व विलासी आहेत. या सरदारांना चांदीच्या पालख्यांतून नेतात. पुढे सोन्याच्या साजाचे वीस घोडे आणि मागे तीनशे स्वार व पाचशे पायदळ चालते. दरबाराच्या आश्रयाने लिहिणाऱ्या फारसी बखरकाराला ही दोन दृश्ये एकाच ओळीत मांडण्याचे कारण नव्हते. पायी चालणाऱ्या व्यापाऱ्याला ती एकाच रस्त्यावर दिसली. दख्खनच्या इतिहासकारांना निकितिनचे मोल वाटते ते विशेषतः या ठिकाणी.

बीदरला आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. तोवर तो ‘खोजा यूसुफ खोरासानी’ या नावाने वावरत होता. आता अनेक हिंदूंशी ओळख झाल्यावर त्याने त्यांना आपले खरे नाव सांगितले, आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हेही सांगितले. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपविले नाही. आपले खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा, सारे त्यांनी त्याला दाखविले. घरातील स्त्रियांनाही त्याच्यासमोर आडोसा राहिला नाही. पुढचे त्याचे लेखन आतून पाहिल्यासारखे झाले आहे. जेवण्यापूर्वी हातपाय धुऊन चूळ भरणे, उजव्या हाताने जेवणे, एका जातीने दुसऱ्या जातीबरोबर पंक्तीला न बसणे, मृताला दहन करून राख पाण्यात सोडणे, अशा बारीकसारीक गोष्टी त्याने नोंदविल्या. हिंदुस्थानात एकंदर चौऱ्याऐंशी पंथ आहेत, असे कोणीतरी सांगितले, तेही त्याने लिहून घेतले. वानरांना राजा असतो आणि त्याची सेना असते, अशी ऐकीव कथाही त्याने खरी मानली.

या स्नेह्यांबरोबरच तो महिनाभर चालून महाशिवरात्रीच्या यात्रेला गेला. ज्याला तो ‘पर्वत’ म्हणतो ते कृष्णाकाठचे श्रीशैल होय. तेथील भिंतींवर कोरलेल्या देवलीला, सोंड असलेला देव, काळ्या पाषाणाचा प्रचंड नंदी, त्याच्या खुरांना ओठ लावणारे आणि त्याला फुले वाहणारे यात्रेकरू, हे त्याने डोळे भरून पाहिले. श्रीशैलच्या तटावरची शिल्पपंक्ती आजही प्रेक्षकाला थक्क करते. पण खरी लक्षात राहते ती त्याची तुलना करण्याची रीत. देवमूर्तीचा उंचावलेला हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियनचा पुतळा आठवतो. हे लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, म्हणजे रशियनांसारखीच, असे तो म्हणतो. ‘पर्वत’ हे यांचे जेरुसलेम, असे तो आपल्या वाचकाला समजावितो. अनोळखी गोष्ट हीन ठरवून बाजूला सारण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या पवित्र वस्तूशेजारी ती ठेवून पाहावी, ही बुद्धी त्या काळच्या कट्टर ख्रिस्ती माणसाला झाली, ही साधी गोष्ट नव्हे.

या समजुतीची किंमत मात्र त्याला फार मोठी द्यावी लागली. पुस्तके लुटली गेल्यामुळे ईस्टर केव्हा येतो, उपवास केव्हा धरायचे, हे त्याला कळेनासे झाले. भोवती कोणी ख्रिस्ती नव्हते की ज्यांना विचारावे. मग तो अंदाजाने दिवस धरू लागला, आणि पुढे मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपलाही उपवास करू लागला. मुसलमानांच्या भूमीत आपला चौथा ईस्टर झाला, आपण धर्म सोडलेला नाही, पुढचे देव जाणे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. त्याच्या लेखनात तुर्की, फारसी व अरबी शब्दांनी भरलेल्या प्रार्थना येऊ लागतात. वृत्तांताचा शेवटही अशाच प्रार्थनेने होतो. त्याने अखेरीस धर्म बदलला होता काय, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. कदाचित त्या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, हा प्रश्न स्वतः निकितिनलाच छळीत होता आणि त्याने तो झाकून ठेवला नाही. एका ठिकाणी तो आपल्या मायदेशासाठी करुणा भाकतो. रशियासारखी भूमी जगात नाही, मात्र तेथील सरदार न्यायाने वागत नाहीत, असे म्हणतो. हा मजकूर त्याने रशियन भाषेत लिहिलेला नाही, तुर्कीत लिहिला आहे. सत्य सांगायचे, पण घरच्या सत्ताधाऱ्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत, ही युक्ती त्याला परदेशाने शिकविली.

व्यापार म्हणून पाहता हा सारा खटाटोप फसलाच. मिरी आणि रंग स्वस्त असले, तरी जकात जबर आणि समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट. रशियाला नेण्याजोगा माल येथे नाही, असा त्याचा निष्कर्ष झाला. दाभोळच्या बंदरातून तो परत निघाला. जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. मग होर्मुझ, शिराझ, तब्रीझ असा प्रवास करीत तो काळ्या समुद्रावरील त्रेबिझोंदला आला. तेथे तुर्की अधिकाऱ्यांनी शत्रूचा हेर समजून त्याचे सामान धुंडाळले. कास्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र असे तीन समुद्र ओलांडून तो क्रीमियातील काफा येथे पोहोचला. परंतु घर त्याच्या नशिबी नव्हते. स्मोलेन्स्क गाठण्याआधीच तो वाटेत मरण पावला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणून महाराजकुमाराच्या एका लेखनाधिकाऱ्याला दिल्या, आणि १४७५ च्या नोंदीखाली त्या बखरीत समाविष्ट झाल्या. पुढे १४८५ मध्ये त्याचे त्वेर संस्थानही मॉस्कोने गिळले. त्या वह्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इतिहासकार कारामझिनमुळे.

विसाव्या शतकात निकितिनला मान मिळाला. त्वेर येथे १९५५ मध्ये त्याचा भव्य पुतळा उभा राहिला, १९५७ मध्ये ‘परदेशी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट त्याच्यावर निघाला, आणि चौलशेजारी रेवदंड्यालाही त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारण्यात आला. पुतळ्यातला निकितिन ताठ मानेने दूरवर पाहणारा विजयी वीर आहे. वह्यांतला निकितिन तसा नाही. तो लुटला गेलेला, एका घोड्यावर सर्वस्व लावलेला, सणवाराचा हिशेब हरवलेला आणि तरीही रोज काहीतरी टिपून ठेवणारा मनुष्य आहे. राजाची मुद्रा किंवा तोफ ज्याच्यापाशी नाही, त्याला अनोळखी देशात लोकांच्या विश्वासावरच जगावे लागते. जुन्नरात एका परक्याच्या रदबदलीने तो तगला. बीदरात खरे नाव सांगितल्यावर त्याला घरांची दारे उघडली. दख्खनच्या इतिहासाला त्याची साक्ष लाभली ती या माणसांमुळे, आणि ती माणसे कोण होती, हे एका खोजा महंमदाचे नाव सोडले तर कोठेही लिहिलेले नाही.